धाकटीचं पात्र पटत नाही

दर शनिवारी ताईला चार वाजता वाचनालयात सोडायचं आणि सहाला परत न्यायचं, हे काम धाकटीच्या गळ्यात पडून सहा महिने झाले होते. ताईचा गुडघा कामातून गेलेला, बसच्या पायऱ्या चढवेनात, आणि धाकटीची बदली नेमकी याच गावात झाली. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात ती नोकरीला होती. आठवडाभर चादरी, अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे डगले. उभं राहून राहून पायांचे नुसते ठोकळे व्हायचे. शनिवारी अर्धा दिवस मोकळा मिळायचा, तो हा असा जायचा. पण कुरकुर करणार कोणापाशी? चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून दोघींना दोघीच होत्या.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत लिहिणाऱ्यांचं मंडळ भरायचं. ताई तिथली जुनी सभासद. मंडळात तिला 'कात्री' म्हणत आणि तिला त्याचा भारी अभिमान. कोणाचं लिखाण हातात पडलं रे पडलं की हिचं सुरू: पहिलं पान काढा, शेवटचा परिच्छेद काढा, मधला तो पाऊस तर आधी काढा. परत येताना स्कूटरवर मागे बसून आज कोणाचा चेहरा कसा पडला ते ती तिखटमीठ लावून सांगायची. धाकटी हेल्मेटच्या आतून 'हूं, हूं' करायची आणि सिग्नलकडे बघायची. ताईचं लिखाण मात्र तिने कधी वाचलं नव्हतं. एकदा मागितलं, तर ताई म्हणाली, "तुला नाही कळायचं." बरं बाई, नाही कळायचं तर नाही कळायचं.

इतर शनिवारी धाकटी खालच्या वाचनकक्षात मासिकं चाळत बसायची. त्या शनिवारी खाली रंगकाम काढलेलं. सगळीकडे शिड्या, डबे आणि नाकात जाणारा तो वास. ती जिन्यापाशी ताटकळत उभी असताना मंडळाचे प्रमुख आले. निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना हेडसर म्हणायचे.

"कात्रीच्या भगिनी ना तुम्ही? मग इथे काय उभ्या? वर चला, चहा आहे."

"नको हो सर," ताई घाईघाईने म्हणाली, "तिला कंटाळा येईल. ती बाजारात जाऊन येते."

"मला काही नाही आणायचं," धाकटी म्हणाली. उभं राहून तिचे पाय भरून आले होते, आणि वर निदान खुर्ची तरी मिळणार होती.

वर पाचसहा माणसं होती. दातांचे डॉक्टर होते, त्यांच्या हातात बिस्किटांची थाळी होती. बालवाडीच्या बाई होत्या, त्यांनी धाकटीला शेजारी बसवून घेतलं. खिडकीपाशी एक खुर्ची एकटीच वेगळी मांडलेली. ही इथली खासियत. ज्याची गोष्ट, त्याने त्या खुर्चीत बसायचं. गोष्ट दुसऱ्या कोणीतरी वाचायची. मग प्रत्येकाने मत द्यायचं, आणि शेवटच्याचं बोलून होईपर्यंत खुर्चीतल्याने ब्र काढायचा नाही. 'तसं नव्हतं हो म्हणायचं मला' नाही, मान हलवणं नाही, सुस्कारासुद्धा नाही. सगळं ऐकून झालं की उठून 'आभारी आहे' म्हणायचं, संपलं. हेडसरांनी हा नियम केला, कारण पूर्वी एकदा दोन कवींचं म्हणे थेट कॉलर धरण्यापर्यंत गेलं होतं.

त्या दिवशी पाळी होती डॉक्टरांची. पण डॉक्टर म्हणाले, शेवट जमलेला नाही, पुढच्या वेळी. हेडसरांनी लगेच आपल्या पिशवीतून दुसरा गठ्ठा काढला.

"हरकत नाही. कात्रीची कथा माझ्याकडे आहे. पुढच्या शनिवारची होती, आज घेऊ. वार्षिक अंकासाठी एकच कथा निवडायची आहे, आणि मला विचाराल तर हीच जावी. पण तुम्ही सगळे ठरवा."

"सर, आज नको," ताई म्हणाली.

"का? लिहून झाली आहे, प्रती काढल्या आहेत."

ताईने धाकटीकडे बघितलं, मग गठ्ठ्याकडे. सहा वर्षांत तिची एकही कथा अंकात गेली नव्हती, हे धाकटीला ठाऊक होतं. ताई मग जाऊन खिडकीपाशी बसली. तेव्हा तोंड उघडायचं होतं तिने! एरवी समोरच्याला बोलू देत नाही ही बाई.

बालवाडीच्या बाईंचा आवाज गोड होता. त्या वाचायला लागल्या. गोष्टीत दोन बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी. आई शाळेत शिक्षिका. धाकटी मनाशी म्हणाली, आमची आई कुठे शिक्षिका होती, ती तर तिकीटघरात होती. आणि धाकटी काय, दर घरात एक असतेच. गोष्टीतली धाकटी परगावी हॉटेलात कामाला होती. आई आजारी पडते. थोरली रात्रंदिवस तिचं करते. नऊ दिवस. धाकटीला निरोप जातो, पण ती येत नाही. तिला तिचं सुख प्यारं, तिची नोकरी प्यारी. नवव्या दिवशी आई जाते. दहाव्या दिवशी धाकटी उगवते, दारात बॅग टेकवते आणि घरात पाऊल टाकायच्या आधी विचारते, "जेवायला काय आहे?"

ऐकणाऱ्या धाकटीने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

कारण तिने तसं खरंच विचारलं होतं. चौदा तास बसमध्ये, पोटात चहाशिवाय काही नाही, आणि आई गेल्याचा फोन निघताना आलेला. दारात पोचल्यावर तोंडातून तेवढंच निघालं. का निघालं हे तिचं तिला कळलं नव्हतं. त्या एका वाक्याची तिला इतकी लाज वाटायची की ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आणि ते आता बालवाडीच्या गोड आवाजात, बिस्किटांच्या थाळीसमोर वाचून दाखवलं गेलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. तिने खिडकीकडे बघितलं. ताई मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

वाचन संपलं. हेडसर म्हणाले, "बोला."

डॉक्टरांनी सुरुवात केली. "भाषा छान. पण धाकटीचं पात्र पटत नाही. लेखिकेने तिला पार राक्षसीण करून टाकलंय. अशी मुलगी असते का कुठे? आई मरायला टेकलीय आणि ही तिकडे मजेत?"

"मला पटली हं," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. "असतात अशा. जेवायला मागते तिथे तर मला वाटलं, एक ठेवून द्यावी हिच्या कानाखाली." आणि त्यांनी बिस्किटांची थाळी प्रेमाने धाकटीपुढे केली. "घ्या ना."

धाकटीने बिस्किट घेतलं. काय करणार? हातात धरून बसली.

मागून कोणी म्हणालं, धाकटीला शेवटी पश्चात्ताप व्हायला हवा. दुसरं कोणी म्हणालं, पश्चात्ताप नको, तिला शिक्षा हवी, तिला एखादा अपघात दाखवा. यावर थोडी चर्चासुद्धा झाली, कुठला अपघात बरा दिसेल याची. ज्यांनी तिला आजच्याआधी कधी पाहिलं नव्हतं ती माणसं चहा पीत तिला ट्रकखाली घालत होती, आणि जी तिला पाळण्यापासून ओळखत होती ती खिडकीत मूग गिळून बसली होती.

हेडसरांनी चष्मा काढला. "मला एक अडचण दिसते. धाकटी का आली नाही? स्वार्थ म्हणून, एवढं सांगून लेखिका मोकळी होते. ते पुरत नाही. नऊ दिवस आहेत, आणि नऊ दिवसांत दोघी बहिणींचं एक शब्दही बोलणं नाही. तिथे कथा पोकळ आहे. वाजवून बघितलं तर कळतं." मग ते धाकटीकडे वळले. "आपल्या पाहुण्यांना काही वाटलं? संकोच करू नका. सामान्य वाचकाचं मत आम्हाला फार मोलाचं असतं."

"सामान्य ना," धाकटी म्हणाली. "हो. आहे मला बोलायचं."

ताईने मान वर केली. डोळ्यांनी नको नको म्हणाली. बोलता येत नव्हतं ना तिला!

"आधी एक जमलेली गोष्ट सांगायची, मग एक न जमलेली," हेडसर म्हणाले. "आणि थेट त्यांना नाही बोलायचं. 'लेखिका' म्हणायचं."

जमलेली गोष्ट! धाकटीच्या मनात होतं, उठावं आणि म्हणावं, ही सगळी थाप आहे, हिला फाडून टाका. एका वाक्याचं काम होतं. अंक गेला असता उडत. पण विचारलं होतं जमलेलं काय, आणि खोटं बोलायचं नाही असं तिने ठरवलं, कारण खोटं बोलायचा मान आज दुसऱ्या कोणाचा होता.

"चादर बदलायचं जमलंय," ती म्हणाली. "आईला कुशीवर वळवून अर्धी चादर गुंडाळायची, तिच्या पाठीशी सरकवायची, मग दुसऱ्या कुशीवर घ्यायचं. एकट्या माणसाने करायचं म्हणजे कंबर मोडते. आणि वळवताना ती आई म्हणते ना, 'सांभाळून गं, तुझी पाठ धरेल', ते. ते लेखिकेने ऐकलेलं आहे. लेखिका तिथे होती. तिने केलं आईचं, यात काही वाद नाही."

हे बोलताना तिला आणखीच राग आला, कारण ते खरं होतं.

"आणि न जमलेलं?"

"न जमलेलं म्हणजे, लेखिका फोन विसरलीय."

"कुठला फोन?"

"तिसऱ्या दिवशीचा. धाकटी काम करते तिथे यंत्रांजवळ मोबाईल चालत नाही, म्हणून फोन साहेबाच्या टेबलावर येतो. सव्वादोन वाजता आला. थोरली म्हणाली, साधा ताप आहे. येऊ नकोस. तुझी अकरा तारखेपासून रजा आहे ना, तेव्हाच ये, उगाच आत्ता मोडू नकोस. धाकटी म्हणाली, आईला दे. थोरली म्हणाली, झोपलीय. सहाव्या दिवशी धाकटीने आपण होऊन केला. येऊ का? म्हणाली, नको, उतरतोय ताप. आईला दे. झोपलीय. सातव्या दिवशी परत केला. तेच. झोपलीय." तिचा आवाज चढला होता. तिने तो चढू दिला. "तीन वेळा. आणि गोष्टीत एकही नाही. अख्खा ताप आहे, औषधाच्या बाटल्यांचे रंग आहेत, पंख्याची करकर आहे, आणि तीन फोन तेवढे गळाले. कात्री म्हणतात ना लेखिकेला? बरोबर तिथेच चालली."

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली.

"वा! काय सुचलंय बाई तुम्हाला! आता उभी राहिली कथा!"

"मला सुचलेलं नाही ते."

"नाही नाही, भिडस्तपणा नको. 'झोपलीय' तीन वेळा! म्हणजे खरी खलनायिका थोरली! अहो, सगळंच फिरलं की."

बालवाडीच्या बाईंनी मात्र धाकटीच्या हाताकडे बघितलं. मुठीत बिस्किटाचा भुगा झाला होता. त्यांनी थाळी हळूच खाली ठेवली आणि गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"फोन घ्यायलाच हवेत," हेडसर गंभीरपणे म्हणाले. "पण मग प्रश्न येतो. थोरलीने असं का केलं?"

"ते मला काय माहीत?" धाकटी म्हणाली. "मला चार वर्षं वाटत होतं, तिने माझ्या भल्यासाठी केलं. लेखिकेला विचारा."

तिने 'माझ्या' म्हटल्याचं तिच्या लक्षात आलं नाही. बाकीच्यांच्या आलं. डॉक्टरांचा हात मांडीवरच राहिला.

ताई उठली. गुडघ्यामुळे एकदम उठता येत नसे, खिडकीच्या चौकटीला धरून उठली. "आभारी आहे," म्हणाली आणि पर्स तिथेच टाकून बाहेर पडली. धाकटीने पर्स उचलली आणि मागे गेली.

जिन्याच्या मधल्या वळणावर ताईला थांबावं लागलं. धाकटी दोन पायऱ्या वर उभी राहिली.

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस," ताई म्हणाली.

"मी? तुझी? तू मला दारात उभी करून जेवायला मागायला लावलंस, ती माणसं मला ट्रकखाली घालायला निघाली, आणि अब्रू तुझी गेली?"

"ती गोष्ट आहे. गोष्टीत बदल करावे लागतात. तुला नाही कळायचं."

"मग कर ना बदल! आईला शिक्षिका कर, मला हॉटेलात घाल, माझं नाक वाकडं कर, एक शब्द बोलले तर बघ. पण मी आले नाही? मी? 'येऊ नकोस' कोण म्हणालं मला? का विसरलीस?"

ताई कठड्याला धरून होती. खालून रंगाचा वास येत होता, कोणीतरी शिडी सरकवत होतं.

"विसरले नाही. लिहिला होता फोन. तीनदा लिहिला, तीनदा खोडला."

"का?"

"कारण मग सर जे विचारत होते ते लिहावं लागलं असतं."

"मग सांग की. सरांना नको, मला सांग."

ताई बोलायला लागली तेव्हा तिचा वाचनालयातला आवाज कुठे पळाला कोण जाणे. "आई सारखं तुझं नाव घेत होती. पहिल्या दिवसापासून. मी हगणंमुतणं काढतेय, मी रात्र रात्र जागतेय, आणि ती दाराकडे बघतेय. धाकटी कधी येणार, धाकटीला कळवलं का. तू आली असतीस ना, तर मी तिथे कोण उरले असते? पाणी देणारी बाई. मला वाटलं, ताप उतरू दे, चार दिवस तिला माझीच सवय होऊ दे, मग बोलवू. ती जाईल हे मला कुठे माहीत होतं? देवाशप्पथ सांगते, मला माहीत नव्हतं."

"झोपली होती म्हणालीस."

"जागी होती."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. तू केलेस तेव्हा तिने विचारलं, कोणाचा फोन? मी म्हटलं, राँग नंबर."

धाकटीच्या हातातली पर्स खाली पडली आणि दोन पायऱ्या घरंगळत गेली. कोणी उचलली नाही. चार वर्षं ती स्वतःला समजावत आली होती की आईला शुद्ध नव्हती, आईने कोणाची वाट बघितली नाही, झोपेतच गेली. त्यावर ती रात्रीची झोपत होती. तिला वाटलं, हिला धरून गदागदा हलवावं. हात उठलासुद्धा. मग तिने तो कठड्यावर इतक्या जोरात आपटला की खालचा शिडीवाला वर बघायला लागला.

"हे लिहायचं होतंस! हे! हे सोडून माझं जेवण लिहीत बसलीस?"

"माझ्याने नाही लिहवत."

"मग बोल. काय म्हणायची आई? माझं नाव घ्यायची म्हणजे काय म्हणायची?"

ताईने डोळे पुसले, खाकरली. "ती म्हणायची, माझं लेकरू दूर तिकडे, एकटं, कोण असेल त्याच्या..."

"ए! आई बोलायची असं? आयुष्यात कधी 'लेकरू' म्हणाली ती? तुझ्या मंडळाला ऐकव ते. जशी म्हणाली तस्सं सांग. एक शब्द जरी नटवलास ना, ताई, तर इथून पुढे तुझं तोंड बघणार नाही."

वर खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला आणि लगेच परत लागल्याचाही. ताई म्हणाली, आणि यावेळी तिचा आवाज अगदी सपाट होता, "म्हणायची, 'दाराची कडी काढून ठेव गं. धाकटी रात्री-बेरात्री येईल. ती हाक नाही मारायची, बाहेरच बसून राहील.' रोज रात्री म्हणायची."

धाकटी दोन पायऱ्या उतरून तिच्या पुढ्यात आली.

"आणि तू काढून ठेवलीस?"

"नाही," ताई म्हणाली.